ब्लोअर बंद पडला त्या दत्तजयंतीला

त्या दुपारी वेस्ट मांबलमहून गाडी काढताना माझा भरवसा देवापेक्षा हवामानाच्या अंदाजावर जास्त होता, हे सुरुवातीलाच कबूल करते. मी तीस वर्षे चेन्नईतल्या एका वृत्तपत्राच्या डेस्कवर काम केले. बातमीत ‘म्हणे’ हा शब्द आला की कोण म्हणाले, कधी म्हणाले, आणखी कुणी ऐकले, हे विचारायची सवय मला लागली, आणि निवृत्तीनंतरही ती गेली नाही. घरात दत्ताची तसबीर आहे. गुरुवारी मी तिला हार घालते. पण गेली काही वर्षे हार घालताना मनात काही हलत नव्हते. वर्तमानपत्र रोज दारात पडते तसा तो हार दर गुरुवारी तसबिरीवर पडत होता, इतकेच.

माझ्याबरोबर गाडीत आत्या होत्या. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात, वय चौऱ्याऐंशी, तंजावूरकडच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांची मराठी माझ्या सोलापुरी मराठीहून किती तरी जुनी आहे आणि तिचा हेल तमिळ आहे. इमारतीतली मुले त्यांना ‘बाई पाटी’ म्हणतात, म्हणजे बाई आजी. दत्तजयंतीला संध्याकाळी, जन्माच्या वेळी, त्या एक पाळणा म्हणतात. तो त्यांना सासूकडून मिळाला, सासूला तिच्या सासूकडून. तो कुठे लिहिलेला नाही. पन्नासहून अधिक वर्षे त्यांच्या दिवाणखान्यात तो म्हटला गेला. ऐकायला येणाऱ्या बायकांपैकी काही वारल्या, काही मुलांकडे परदेशी गेल्या, आणि शेवटी ऐकणारी मी एकटी उरले. गेल्या वर्षी त्या दिवशी आत्या न्यूमोनियाने इस्पितळात होत्या. शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, पाळणा कुणी म्हटला? कुणीच नाही, असे मला सांगावे लागले. त्या म्हणाल्या, “देवाला तसाच निजवला.”

ते वाक्य माझ्याकडून पुसले जात नव्हते. त्यामुळे यंदा चेन्नईबाहेरच्या श्रीपेरुंबुदूरहून अमोलचा फोन आला तेव्हा मी आत्यांना न विचारताच होकार दिला. अमोल मूळचा कोल्हापूरकडचा, श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. तो आणि त्याच्यासारखी तीस-चाळीस मराठी मुलेमुली पहिल्यांदाच एका भाड्याच्या हॉलमध्ये दत्तजयंती करणार होती. सगळे जमले होते, पाळणा म्हणणारे कुणी नव्हते. आत्यांच्या डॉक्टरांनी परवानगी दिली, पण बजावून: भिजायचे नाही, वाऱ्यात बसायचे नाही, थंडी लागू द्यायची नाही. आजारपणापासून त्यांचा आवाज बसला होता. बोलत त्या कुजबुजल्यासारख्या. गाता येईल का, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. निघण्याच्या आदल्या दिवशी अमोलने सुचवले की पाऊस फार असला तर आजींनी घरूनच रेकॉर्ड करून पाठवावे. मी निरोप दिला. आत्या म्हणाल्या, “बाळ मोबाइलवर निजतं काय?” आजकाल निजतात, असे मी म्हटले. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी गाडीची किल्ली शोधायला गेले.

गाडी नऊ वर्षांची आहे. रात्रंदिवस कडुनिंबाखाली उभी असते. ऑक्टोबरमध्ये आयुधपूजेला आम्ही तिला धुतले, झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबे ठेवली. नंतर आठवडाभर आतल्या हवेला कुजल्या फुलांचा वास येत होता, म्हणून मी समोरचा छोटा कप्पा उघडून त्यामागचा हवेचा फिल्टर काढला. तो पाकळ्यांनी आणि निंबाच्या काड्यांनी भरला होता, मी फेकून दिला. नवा आणीन, आणीन म्हणत दोन महिने गेले. ही नोंद पुढे लागेल.

अडीच वाजता निघालो. पूनमल्लीपर्यंत आभाळ नुसते भरलेले होते. त्यापुढे पाऊस सुरू झाला, आणि तो असा की वायपर सगळ्यात वेगाने चालवूनही पुढचा ट्रक दिव्यांवरूनच ओळखावा लागत होता. काचा बंद होत्या. आतून काचेवर धुके धरू नये म्हणून मी थोडा एसी लावून त्याचा झोत काचेकडे वळवला होता. आत्या दोन शालींत गुंडाळून बसल्या होत्या आणि तरी खोकत होत्या. एका खड्ड्यात गाडी जोरात आदळली. त्यानंतर पाचच मिनिटांत ब्लोअरचा आवाज थांबला. ब्लोअर म्हणजे एसी असो की हीटर, हवा आत फेकणारा पंखा. तो थांबला की गार हवाही नाही आणि गरमही नाही. पाहता पाहता काच दुधासारखी पांढरी झाली. मी एका हाताने फडक्याने पुसत होते, पुसलेला भाग लगेच पुन्हा पांढरा होत होता. खिडकी दोन बोटे उघडली तर पावसाचा सपकारा थेट आत्यांच्या कुशीत आला. अशी गाडी पुढे नेणे शक्य नव्हते. मी जोडरस्त्यावर एका बसथांब्याजवळ थांबवली. चार वाजून दहा मिनिटे झाली होती. सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास. चांगल्या रस्त्याने तिथून हॉल अर्ध्या तासावर होता.

मी घाबरले की यादी करते. ब्लोअरचे बटण चारही वेगांवर फिरवून पाहिले. आमच्या मेकॅनिकने एकदा सांगितले होते की फक्त कमी वेग बंद पडले आणि शेवटचा चालू असला तर रेझिस्टर, म्हणजे वेग कमी करणारा भाग, गेला असे समजावे, चारही बंद असतील तर आधी फ्यूज पाहावा. चारही बंद होते. स्टिअरिंगखालचे झाकण काढले, चष्मा बदलला, झाकणामागचा तक्ता वाचला. ब्लोअरचा फ्यूज जळला होता. त्याच क्षमतेचा एकच जादा फ्यूज डब्यात होता. तो बसवला आणि बटण फिरवले. आतून एकदा दबका हुंकार आला आणि पुन्हा शांतता. तोही उडाला. माझी यादी तिथे संपली. मेकॅनिकचा फोन लागत नव्हता. या पावसात टॅक्सीही मिळेना. अमोलचा फोन आला, काकू कुठे आहात म्हणून. मी खरे ते सांगितले. तो गाडी घेऊन निघतो म्हणाला, पण त्यांच्या बाजूच्या रस्त्यावर पाणी साचून वाहने अडकली होती. वेळेत पोहोचणार नाही, हे दोघांनाही कळत होते.

आत्यांनी काचेवरच्या धुक्यात बोटाने एक लहानसे वर्तुळ पुसले आणि त्यातून बाहेर पाहत बसल्या. मी त्यांना म्हटले की आपण इथेच, गाडीतच पाळणा म्हणू, देवाला काय, कुठेही चालेल. हे मी मनापासून म्हटले नव्हते. त्यांनी ते ओळखले. “देव थांबेल गं,” त्या म्हणाल्या, “सूर्य थांबत नाही.” मग माझ्याकडे न पाहता, जणू किराणा आणायला सांगावे तशा, “तू सोड आता. त्याचं तो बघेल.” मी सोडले, असे लिहिले तर ते खोटे होईल. मी फक्त हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले.

काचेवर टकटक झाली. बसथांब्यातून एक बाई आली होती. चाळिशीची, कारखान्याचा राखाडी गणवेश, वर ओढणी, गळ्यात ओळखपत्र, हातात मोठी काळी छत्री. काय झाले, असे तिने तमिळमध्ये विचारले. मी सांगितले. ब्लोअर हा शब्द ऐकताच ती छत्री मिटून मागच्या सीटवर येऊन बसली. तिचे नाव सेल्वी. ती श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटार कारखान्यात कामाला होती. गाडीला डॅशबोर्ड बसण्याआधी आत एक काळा प्लास्टिकचा पेटारा जातो, त्यात एसी, हीटर आणि ब्लोअर असतात. तो जागेवर धरून त्याचे बोल्ट आवळायचे, हे तिचे काम. आज एका मैत्रिणीशी पाळी बदलून ती सकाळी कामावर आली होती. सुट्टी झाल्यावर एका ओळखीच्या घरी गेली, तिथे छत्री विसरली, ती आणायला परत फिरली तोवर कंपनीची बस निघून गेली. म्हणून ती या थांब्यावर होती. हे सगळे मी तिला नंतर विचारून घेतले, दोनदा.

नवा फ्यूज घातला तेव्हा आवाज कसा आला, हा तिचा पहिला प्रश्न. मी घसा खाकरून एक हुंकार काढला. तिला तो पटला नाही. तेव्हा शालीतून आत्यांनी तोंड बाहेर काढले आणि अगदी बारीक आवाजात, नेमक्या त्या स्वरात आणि तेवढाच लांब, तो आवाज काढून दाखवला. शेवटी जिथे तो तुटला होता तिथेच तोडला. सेल्वी हसली. “पाटी बरोबर सांगतात. पंखा फिरायला गेला आणि अडकला. आत काहीतरी आहे. ते काढल्याशिवाय शंभर फ्यूज घाला, शंभर उडतील.”

पुढची वीस मिनिटे मी तिच्या हाताखाली काम केले. समोरचा कप्पा दोन्ही बाजूंनी दाबून तिने खाली पाडला. फिल्टरच्या जागेचे झाकण लोंबत होते, जागा रिकामी. तिने माझ्याकडे पाहिले. मी फिल्टरची हकीकत सांगितली. तिने माझ्या हत्यारांच्या पिशवीतून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पुढचे दार उघडून आत्यांच्या रिकाम्या जागेपुढे आडवी झाली. डोके डॅशबोर्डखाली, पाय बाहेर पावसात. आत्यांना आम्ही आधीच मागच्या सीटवर हलवले होते. मी बाहेर उभी राहून एका हाताने तिच्या पायांवर तिचीच छत्री धरली आणि दुसऱ्या हाताने आत मोबाइलचा टॉर्च. “इकडे. माझ्या डोळ्यांत नको, अक्का. खाली. अजून खाली. हां, तिथेच राहू दे.” रोज हा पेटारा मी गाडीच्या पोटात ठेवते, ती आतून म्हणाली, वर डॅशबोर्ड बसला की मला परत त्याचे तोंड दिसत नाही. ह्या बाजूने आज पहिल्यांदा बघते आहे. तिच्या आवाजात कौतुक होते, सासरी दिलेल्या मुलीकडे पहिल्यांदा जावे तसे.

तीन स्क्रू निघाले आणि ब्लोअर तिच्या हातात उतरला. खारीच्या पिंजऱ्यासारखे गोल चाक, त्यात निंबाची वाळकी पाने. आणि पात्यांमध्ये घट्ट अडकलेली, लाल कापडाची एक पुरचुंडी. तिचा पिवळा दोरा चाकाखालच्या दांड्याला पाच-सहा वेढे घालून बसला होता. सेल्वीने तो नखाने उलगडला आणि पुरचुंडी मला दिली. मी ती मागे आत्यांना दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन पाहिली. मग लहान मुलीने कबूल करावे तशा म्हणाल्या, “माझीच ती. अंगारा आहे.” त्यांच्या देव्हाऱ्यातला दत्ताचा अंगारा. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून सकाळी, मी वरच्या मजल्यावर डबा आणायला गेले असताना, त्यांनी तो त्या कप्प्यात वरच्या बाजूला खोचून ठेवला होता. मला सांगितले नाही, कारण मी हसले असते. खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा तो मागे घसरला, आणि जिथे फिल्टर असायला हवा होता तिथून सरळ पंख्यात.

म्हणजे आमच्या रक्षणासाठी ठेवलेल्या अंगाऱ्याने आमची गाडी बंद पाडली होती, आणि त्याला वाट मी करून दिली होती. मी हसू आवरले, आत्यांना वाईट वाटेल म्हणून. पण सेल्वीला सगळे समजावून सांगितल्यावर तिने पुरचुंडी डोळ्यांना लावली आणि म्हणाली, “सामीला वारा हवा असेल.” सामी म्हणजे देव. आधी आत्या हसल्या, खोकला येईपर्यंत हसल्या, मग मी. चाळीस मिनिटांपूर्वी जिथे मी रडकुंडीला आले होते तिथेच, त्याच पावसात, तीन बायका हसत होत्या.

फ्यूज मात्र उरला नव्हता. सेल्वीने तक्ता माझ्याकडून वाचून घेतला आणि विचारले, मागच्या काचेवरचे धुके घालवणाऱ्या तारांचा फ्यूज किती क्षमतेचा? तेवढ्याच. “मग तो काढा. तुम्हाला मागचं बघायचं आहे का?” मी नाही म्हटले. तो ब्लोअरच्या जागी बसवला. बटण फिरवले. पंखा सुरू झाला. इतका साधा आवाज मी इतक्या लक्षपूर्वक कधी ऐकला नव्हता. मी नेहमीप्रमाणे एसी लावायला हात नेला, तर तिने मागून माझा हात धरला. पाटींना थंड वारा कशाला? लाल बाजूला फिरवा. नऊ वर्षांत मी ते बटण लाल बाजूला कधी फिरवले नव्हते. चेन्नईत हीटर कुणाला लागतो? आमच्या लाइनवरही सगळे हेच म्हणतात, सेल्वी म्हणाली, आपण हे कुणासाठी बसवतो म्हणून हसतात. आधी जळक्या धुळीचा वास आला, तिघींनाही शिंका आल्या. मग ऊब आली. काचेच्या तळाशी दोन लहान अर्धचंद्र स्वच्छ झाले, वाढत वाढत एकमेकांना मिळाले, आणि समोरचा रस्ता दिसू लागला. पाच वाजायला पाच मिनिटे होती.

सेल्वीचे घर हॉलपासून दोन गल्ल्यांवर निघाले. ती आमच्याबरोबर आली. पाणी साचलेला भाग तिला ठाऊक होता, तिने आतल्या रस्त्याने नेले. वाटेत आत्यांनी शाली एकेक करून उतरवल्या. मागे त्या हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणत होत्या. मी आरशात पाहिले नाही. खोकला थांबला आहे, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आले. पूनमल्लीपुढच्या गार हवेत त्यांचा घसा आणखी बसत चालला होता, हेही तेव्हाच लक्षात आले.

पाच पस्तीसला हॉलवर पोहोचलो. अमोल जिन्यात उभा होता, धोतर नीट नेसता न आलेला. पाळणा त्यांनी लोखंडी चौकटीला सीट बेल्टच्या पट्ट्यांनी टांगला होता आणि, इंजिनिअर असल्यामुळे, वाळूची पोती ठेवून किती वजन पेलतो ते तपासलेही होते. सेल्वीने पट्ट्यांची शिवण चाचपून पाहिली आणि मान डोलावली. ती चहा घेऊन निघणार होती. आत्यांनी तिला हाताला धरून शेजारी बसवले.

आत्यांनी पहिली ओळ उचलली तेव्हा आवाज कापरा होता. दुसऱ्या ओळीला तो सापडला. तो पूर्वीचा आवाज नव्हता, त्याला वर जाता येत नव्हते. त्यांनी सूर खाली घेतला आणि खालच्या खाली सगळा पाळणा म्हटला. त्या पाळण्याच्या प्रत्येक कडव्याशेवटी ‘तालेलो’ असे येते. तमिळ आया मुलांना निजवताना तसे म्हणतात. शंभर-दोनशे वर्षांपूर्वी कुठल्या तरी सासूने शेजारणीकडून ते उचलले असावे. मराठी शब्द सेल्वीला कळत नव्हते. पहिले तालेलो आले तशी तिने चमकून वर पाहिले. दुसऱ्याला ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. चौथ्या कडव्यापासून तालेलो ती एकटी म्हणत होती, मोकळ्या, घरगुती आवाजात, आणि आत्या तेवढा श्वास घेऊन पुढचे कडवे उचलत होत्या. त्या श्वासाशिवाय पाळणा पुरा झाला नसता. पाळण्याची दोरी शेवटी तिच्याच हातात होती. बाहेर पाऊस चालू होता. खिडकीच्या तावदानातून मावळतीचा थोडा उजेड होता, पुरेसा.

प्रसाद वाटताना अमोलने सगळ्यांना ही हकीकत सांगितली आणि म्हणाला, प्रत्यक्ष दत्तच आले म्हणायचे. मी ते सेल्वीला तमिळमध्ये सांगितले. ती म्हणाली, “सामीला पण पाळी बदलावी लागते का?” आणि सुंठवडा पदरात बांधावा तसा ओढणीच्या टोकाला बांधून, मुले वाट पाहत असतील म्हणून निघून गेली. छत्री या खेपेला विसरली नाही.

मी या घटनेचा अर्थ लावणार नाही. जे घडले ते वेळेसह लिहिले आहे. फिल्टर नव्हता हा माझा आळस, पुरचुंडी घसरली हा खड्ड्याचा धक्का, छत्री विसरणे रोजचेच. सुटे सुटे पाहिले तर प्रत्येकाला कारण आहे, आणि डेस्कवर असते तर मी ती सगळी कारणे छापली असती. पण ब्लोअर बंद पडला नसता तर मी आत्यांना वेळेवर, गारठलेल्या आणि घसा बसलेल्या, तिथे नेऊन बसवले असते. हेही तितकेच खरे आहे. माझी समजूत होती की शरण जाणे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे, आणि ते मला कधी जमले नाही. त्या दिवशी माझे दोन्ही हात गुंतलेले होते. एकात छत्री, एकात टॉर्च. टॉर्च कुठे धरायचा हे दुसरे कुणी सांगत होते, आणि मी तिथे धरत होते. तेवढ्याने झाले.

नवा फिल्टर मी त्याच आठवड्यात बसवला. फ्यूजही आणले. अंगारा आत्यांच्या देव्हाऱ्यात परत गेला आहे. आता गुरुवारी तसबिरीला हार घालून झाला की मी खाली जाते, आणि त्या मला पाळण्याचे एक कडवे शिकवतात. माझा सूर त्यांना पसंत नाही, तसे त्या स्पष्ट सांगतात. सेल्वीला सुट्टी असली की तिचा फोन येतो. तालेलो आले की आत्या फोन तिच्याकडे, म्हणजे हवेत, पुढे करतात, आणि पलीकडून ती म्हणते.